बाजेखालचं पाणी

त्या उन्हाळ्यात आष्टीकडची जनावरं छावणीत गेली आणि आमच्या गल्लीत मैला उपसायची गाडी आली. सफाई कामगारांची आमची सहकारी संस्था. तिला सरकारच्या योजनेतून ही गाडी मिळाली. यापुढं माणसानं टाकीत उतरायचं नाही, म्हणून. गाडीला हळदीकुंकू लावलं आणि मी ढसाढसा रडले. माझा दीर टाकीत उतरला तो जिवंत वर आलाच नव्हता. त्याच कामावर माझे मालक. नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात. मालकी कशाची, ते विचारू नका.

पहिलं काम आलं बाजारातल्या सार्वजनिक संडासाचं. दुष्काळात संडासात पाणी कोण ओततो? टाकीतला मैला वाळून घट्ट बसला होता. गाडीचा पाइप नुसता घरघरला.

"ह्याला आधी पान्याचा मारा लागतो," ड्रायव्हर म्हणाला. "मैला पातळ झाला तरच गाडी वढती. न्हाई तर निस्तं डबडं हाय."

प्यायच्या पाण्यासाठीच सगळे टँकरची वाट बघत होते. त्यातलं गाडीला मागितलं असतं तर लोकांनी चपलेनं मारलं असतं. कामावरचा मुकादम मालकांकडं वळला. "उतर बे. लई वेळ झाला."

आणि मालकांनी खरंच पँट दुमडायला घेतली! माझं डोकं फिरलं. मी टाकीचं झाकण ओढून लावलं आणि त्यावर फतकल मारून बसले.

"ऊठ गं. लोक बघायलेत," मालक म्हणाले.

"बघू द्या. दीर गेला, आता नवरा देत न्हाई. पानी मी आणते."

झाकणावर माझ्या जागी संस्थेतल्या दोन बायांना बसवलं आणि निघाले. पाणी कुठून आणणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. वाटेत एका दारात ओली बाज दिसली तेव्हा सुचलं. त्या साली सगळं गाव बाजेवर बसून आंघोळ करायचं. खाली परात ठेवायची आणि गळलेलं पाणी धुण्याला वापरायचं. मी हातगाड्यावर पिंप चढवलं आणि दारोदार फिरले. "बाजेखालचं पानी द्या. तुमचाच मैला काढायचाय."

कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. पहिली बादली एका फळवाल्याच्या घरून आली. पाटलीणबाई आम्हाला प्यायचं पाणी उंचावरून ओंजळीत ओतायच्या, शिवाशीव नको म्हणून. त्यांनी परातही तशीच उंचावरून ओतली. "वता, पर सगळी रिकामी करा," मी म्हटलं. राग आला होताच. पण त्या दिवशी मला पाणी हवं होतं.

पाणी जुन्या लुगड्यातून गाळून गाडीत भरलं. ड्रायव्हरनं मारा सोडला आणि मैला सुटला. मालक पाइप धरून वर उभे होते. वर! मी त्यांच्या पायांकडंच बघत राहिले. कोरडे होते.

एरवी टाकीतून आल्यावर मालक अंगणाच्या कोपऱ्यात दगडावर आंघोळ करायचे. ते पाणी आम्ही दुष्काळातही कधी धरलं नव्हतं. मैल्याचं पाणी धरून करणार काय? त्या संध्याकाळी मी त्यांना बाजेवर बसवलं आणि खाली परात सरकवली. त्यांनी वाकून परातीकडं बघितलं.

"माझं बी ठेवायचं?"

"ठेवायचं. उद्या दुसरी टाकी हाय."