सात पायऱ्या आणि एक पक्की रेघ

विद्यापीठाच्या इमारत विभागात तिला सगळे ‘स्केलबाई’ म्हणत. बावीस वर्षं ती तिथले नकाशे सांभाळत होती. कुठल्या भिंतीतून कुठला पाइप जातो, कुठलं दार नकाशात आहे पण प्रत्यक्षात विटा लावून बुजवलंय, सगळं तिला तोंडपाठ. नियम मात्र ती एकच पाळायची: झालेलं काम पक्क्या रेघेत, व्हायचं असलेलं तुटक रेघेत. यात ती देवालाही सूट देणार नाही, असं लोक म्हणत. लोकांना काय, म्हणायला पैसे पडत नाहीत.

तपासणी समिती महिनाभरात येणार होती. साहेबांनी परीक्षा इमारतीचा नकाशा तिच्या पुढ्यात टाकला. दारापुढे सात पायऱ्या आणि शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार. उतार तुटक रेघेत, गेली चार वर्षं तुटकच.

“ही रेघ पक्की करा.”

“साहेब, उतार झालेला नाही.”

“होईल हो. तुमच्या बढतीचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. तोही होईल.”

तिने रेघ पक्की केली आणि खाली सही ठोकली.

घरी धाकटा भाऊ होता. आईवडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा, पाय जन्मापासून अधू. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. आता नोकरीच्या परीक्षेची त्याची वयोमर्यादा संपत आली होती, ही शेवटची खेप. केंद्र नेमकं तीच इमारत.

“ताई, प्रवेशपत्रावरच्या छोट्या नकाशात उतार दिसतोय. आहे ना गं नक्की?”

केंद्र बदलून घ्यायला अजून पंधरा दिवस होते. पण अर्जात ‘उतार नाही’ असं कारण लिहावं लागलं असतं आणि उतार दाखवणाऱ्या नकाशाखाली तिची सही होती.

“आहे की,” ती म्हणाली. मग दोन शिपायांना पटवलं, त्याला खुर्चीसकट उचलून न्यायला.

परीक्षेच्या सकाळीच समिती आली. साहेबांनी दोन्ही शिपाई खुर्च्या मांडायला नेले. भाऊ पायऱ्यांखाली बसून राहिला. उमेदवार त्याला वळसा घालून वर पळत होते, जो तो आपल्या घाईत. घंटा झाली, दार लागलं. त्या वेळी ती पलीकडच्या इमारतीत समितीला तोच नकाशा उलगडून दाखवत होती.

“तो नकाशा कोणी काढला, ताई?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“वरून आला. माझ्या हातून नाही गेला.”

त्याचा विश्वास बसला. तिच्याशिवाय त्याला होतं तरी कोण? त्याने रीतसर तक्रार लिहिली, तिनेच ती पोस्टात टाकली, आणि आठ दिवसांनी ती तिच्याच टेबलावर आली.

“लिहा, नकाशानुसार उतार अस्तित्वात आहे. विषय संपला,” साहेब म्हणाले.

“सही तुम्ही करा ना, साहेब.”

“नकाशाखाली कोणाची आहे?”

तिने सही केली.

उत्तर घरी आलं त्या दिवशी ती रजा टाकून घरी थांबली होती. पाकीट आधी आपल्या हाती लागावं एवढीच तिची धडपड. पण पोस्टमनने ते खिडकीतून भावाच्या हाती दिलं.

त्याने मजकूर वाचलाच नाही. नजर खालच्या सहीवर गेली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी दहा वर्षं तीच सही होती.

“बरं,” तो म्हणाला, आणि कागद नीट घडी करून तिच्यापुढे धरला. “फाइलला लाव.”