उलटी बाही

इस्त्री तापली की नाही हे पाहायला तो बोट जिभेला लावायचा आणि तळाला टेकवायचा. चुर्र झालं की दचकून हात मागे घ्यायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "भेव तं वाटते जी. चाला." दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी. अकरा वर्षं मी हे पाहिलं आणि अकरा वर्षं तो तितकाच दचकला.

सेलूला आमच्या शाळेकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा ठेला होता. कोळशाची जड इस्त्री, ठेल्यावर अंथरलेली जुनी घोंगडी, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, पण त्याचा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. आपण कपड्यांची घडी बघतो. मीही पहिली काही वर्षं घडीच पाहिली. घडी मात्र अशी असायची, की शर्ट उलगडताना जिवावर यायचं.

तो सगळ्याला भ्यायचा. कुत्र्याला, विजेला, सरकारी जीपला. मोबाइलवर अनोळखी नंबर आला की फोन माझ्या हातात द्यायचा, "सर, तुमीच बोला." आमच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा त्याच्या घोंगडीत रबराची पाल ठेवली. त्याने हातातले चार शर्ट नालीत टाकले आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. संध्याकाळी ते शर्ट त्याने स्वतः धुऊन, वाळवून, इस्त्री करून घरोघर पोचवले. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी हसलो होतो.

तो ख्रिस्ती होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मूळचा आर्वीकडच्या जंगलपट्ट्यातला, घरात गोंडी बोलणारा. रविवारी ठेला बंद ठेवून वर्ध्याला प्रार्थनेला जायचा. इस्त्री करताना तो काहीतरी पुटपुटत असायचा. आम्हाला वाटायचं, कुणाचे किती कपडे हे घोकत असेल.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका सोमवारी त्याने मला हळूच विचारलं, "आता बरं वाटते का सर?" मी हो म्हणालो. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी तर त्याने माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं. मला वाटलं, याला कळलं.

काय कळलं, ते तुम्हाला सांगतो. त्याआधी दोन महिने मी स्कूटरवर केळझरहून गणपतीचं दर्शन घेऊन परत येत होतो. सांज झाली होती. एका वळणावर बाजूच्या शेतांमधल्या पांदणीतून गवताचा भारा घेतलेला सायकलवाला रस्त्यावर आला आणि माझ्या हँडलचा धक्का लागून पडला. मी आरशात पाहिलं. सायकल आडवी होती आणि एक हात वर झाला होता. मी थांबलो नाही. मेला की वाचला, हे मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारणारा कोण ते लोकांनी विचारलं असतं. तेव्हापासून दर चतुर्थीला मी अनवाणी केळझरला चालत जायला लागलो. बायकोला वाटायचं, यांची भक्ती वाढली. ते वळण आलं की मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायचो.

म्हणून त्या बुधवारी मी आवाज चढवून विचारलं, "बरं कशाबद्दल?" तो इतका घाबरला, की बाटली सांडली. मग त्याने सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका बाईने त्याला प्रार्थना करायला सांगितलं होतं, पण घरात कळायला नको होतं. नाव कागदावर नको, तोंडी नको. तेव्हा ठरलं की कपड्याची एक बाही उलटी करून पाठवायची, बाकी त्याला समजेल. पुढे कानोकानी ते पसरलं. देवाला शोधणारी माणसं होती, कुणी आजारी, कुणी नुसतीच अस्वस्थ. दोरीवरून कपडे घाईत काढताना माझ्या बायकोकडून एक बाही उलटी राहिली होती आणि हा भला माणूस तीन दिवस माझ्यासाठी प्रार्थना करत होता. मी सुटकेने इतका हसलो, की डोळ्यांत पाणी आलं. तोही ओशाळून हसला.

महिनाभराने मी स्वतःच्या हाताने एक बाही उलटी केली. करताना दाराला कडी लावली होती.

 त्याने शर्ट समोर घेतला, बाही सरळ केली आणि पुटपुटायला लागला. गोंडीतलं मला काही कळत नव्हतं, पण मधूनमधून ‘सर’ हा शब्द कानावर यायचा. सहा-सात महिने हे असं चाललं. मग एका शनिवारी दुपारी गल्ली रिकामी असताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. वळण, आरसा, हात. त्याने इस्त्री उभी करून ठेवली. काम अर्ध्यावर सोडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

"आता मलेबी भेव वाटून राह्यलं," तो म्हणाला.  मग म्हणाला, "इतकं चालता सर, मंग तिथं थांबत काऊन नाई?"

मी म्हणालो, आधी एवढं पुण्य गाठीला बांधू दे, की देवासमोर उभं राहता येईल. मग थांबेन.

"माह्याकडं कपडे धुऊन आना सर. मी डाग काढत नाई," तो म्हणाला. "पन देवाकडं मयकेच, डागाचेच न्या लागते. आपल्या हातानं निघत असते तं येशूले मरा काऊन लागलं असतं? माफी पह्यले भेटते जी, फुकट भेटते. निस्ता विश्वास ठेवाचा. मंग पाय आपोआप थांबतात."

फुकट या शब्दावर मी अडलो. मुलांना शाळेत मी उलटंच शिकवत आलो होतो. म्हणालो, फुकटचं टिकत नाही. तो म्हणाला की म्हणूनच लोकांना ते खरं वाटत नाही, त्यालाही आधी वाटलं नव्हतं. मग इस्त्री उचलून तो कामाला लागला.

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटायला लागली. माझं गुपित आता एका अशा माणसाकडे होतं, जो पालीला भिऊन शर्ट नालीत टाकतो. उद्या कुणी याला दरडावलं तर? मी बाही उलटी करणं थांबवलं. शाळेत जायला लांबचा रस्ता धरला.

आणि दरडावणारे आलेच. मागच्या वर्षी गल्लीतले एक ओळखीचे गृहस्थ घरी कागद घेऊन आले. इस्त्रीवाला भोळ्या लोकांना प्रार्थनेच्या नावाने भुलवतो, त्याचा ठेला उठवावा, अशी तक्रार होती. शिक्षकाची सही असली तर वजन पडतं, असं ते म्हणाले. मी न वाचता सही केली, असं म्हणायची सोय होती. पण मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या डोक्यात एकच होतं. हा माणूस सेलूतून गेला की माझं वळणही त्याच्यासोबत जाईल. मी सही केली.

त्याला चौकीत बोलावलं. काय झालं ते मला चहाच्या ठेल्यावर कळलं. आधी सह्या करणाऱ्यांची नावं त्याला वाचून दाखवली. मग विचारलं, तुझ्याकडे प्रार्थनेला कोण कोण येतं, नावं सांग. चहावाला तेव्हा चौकीच्या दारातच ग्लास घेऊन उभा होता. तो म्हणाला, सर, बिचारा असा कापत होता, की आम्हालाच कसंतरी झालं. पण एकच धरून बसला. "भेव तं वाटते साहेब. पन नावं नाई सांगत." सांजेपर्यंत बसवून त्याला सोडलं. माझं नाव त्याने सह्यांमध्ये ऐकलं होतं आणि स्वतःच्या तोंडून काढलं नव्हतं. माझ्या हातातला चहा गार झाला.

चार दिवसांनी ठेला उठला. जाण्याआधी तो राहिलेले कपडे घरोघर पोचवत होता. आमच्या दाराशी येऊन त्याने आवाज दिला, "सर, कपडे." मी दारामागेच उभा होतो. कडी माझ्या हातात होती. ती मी काढली नाही. तो थोडा वेळ थांबला. मग गठ्ठा खाली ठेवल्याचा आवाज आला आणि त्याची ती पुटपुट, "भेव तं वाटते जी. चाला." चपला गल्लीतून दूर गेल्या. तो बायकोला घेऊन वडनेरला तिच्या भावाकडे गेला, असं पुढे कळलं.

गठ्ठ्यात माझे पाच शर्ट होते आणि सहावा माझा नव्हता. निळ्या चौकटीचा, कॉलरला विरलेला. तो त्याचा होता, रविवारी वर्ध्याला घालायचा. अकरा वर्षांत त्याच्या हातून एकाचा रुमालही दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता. शर्टाची एक बाही उलटी होती.

चूक असेल, असं मी स्वतःला बरंच समजावलं. माझ्याही घरून एकदा चुकून तशी गेली होतीच. पण बाहीवर इस्त्रीची धारदार रेघ होती. आधी इस्त्री करून, मग ती बाही मुद्दाम ओढून उलटी केलेली होती. ज्याने सही केली, त्याच्याकडेच त्याने प्रार्थना मागितली होती. मी जमिनीवर बसलो आणि रडलो, आणि मला रडताना पाहून बायको घाबरली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

मला प्रार्थना येत नाही. रोज सकाळी त्या शर्टासमोर उभा राहतो, त्याचं नाव घेतो आणि म्हणतो की याला सांभाळ, आणि माझं तुला माहीत आहे. एवढंच. काही महिन्यांनी एका सकाळी लक्षात आलं, की पुण्य किती जमलं हे मी मोजायचं विसरलो आहे.

मागच्या चतुर्थीला पायात चपला घालून निघालो. पिशवीत तो शर्ट होता. आधी वळण, मग बस धरून वडनेर, आणि तिथे त्या कागदाबद्दल त्याच्या तोंडावर बोलायचं, असं ठरवलं होतं. वळणावर रस्त्याच्या त्याच कडेने गेलो, जिथे तो हात वर झाला होता. पांदणीतल्या पहिल्या घरापुढे एक बाई सुपात तूर पाखडत होती. तिने विचारलं, कोण पाहिजे. मी म्हणालो, तीन वर्षांमागे इथे सायकलवाले कुणी पडले होते का.

तिने सूप खाली ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "बाबा, तुमच्या पायाचं कोनी विचारून राह्यलं."

आत खाट वाजली. मग काठीचा आवाज, एक पाय ओढल्याचा आवाज, पुन्हा काठी. तो दाराकडे येत होता. मी पिशवीत हात घातला आणि ती उलटी बाही मुठीत घट्ट धरली.

भेव तं वाटते जी. चाला.