गरम गोळ्या

दादाच्या मूत्रपिंडातला कॅन्सर फुप्फुसात उतरला होता आणि इम्युनोथेरपीची औषधं त्याला म्हणावी तशी लागू पडत नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी एक नवा उपाय सुचवला. अजून प्रयोगाच्याच पातळीवरचा, हमी काहीच नाही. निरोगी माणसाच्या विष्ठेतले चांगले जंतू दादाच्या आतड्यात सोडायचे, म्हणजे औषधाला कदाचित जोर येईल. दाता म्हणून मी, त्याची धाकटी बहीण, उभी राहिले. अकोल्याला त्याच्या घरी हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र खो खो हसला. "लहानपणी माह्या ताटातलं पळवत होती. आता असं वापस देऊन राहिली का वं?"

माझ्या तपासण्या सुरळीत झाल्या. गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, असं विचारलं तेव्हा मी ठणकावून नाही म्हणाले. शाळेत विज्ञान शिकवते मी!

अमरावतीला परतले आणि जेवताना नवरा सहज म्हणाला, "दाढ आता बरी आहे नं? मागच्या महिन्यात त्या गरम गोळ्यांनी तोंड आलं होतं तुह्यं."

घास तोंडातच राहिला. आमच्याकडे दाढ ठणकली की मेडिकलवाल्याला गाल दाखवायचा. तो पाकिटातून चार गोळ्या कापून देतो आणि "गरम आहेत, ताक पीत जा" म्हणतो. गरम गोळी म्हणजेच अँटिबायोटिक, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या नावाने मी ती कधी घेतलीच नव्हती.

गप्प राहावं असंही मनात आलं, कोणाला कळणार होतं? पण त्या गोळ्यांनी माझ्या पोटातले कोणते जंतू मेले, कोणते उरले, आणि ते त्याच्या खंगलेल्या अंगात गेले तर? सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. तुमचं आता काही महिने घेता येणार नाही, दुसरा दाता शोधू, पण कधी मिळेल सांगता येत नाही, इतकंच म्हणाले.

हे दादाला फोनवर सांगायचं धाडस नव्हतं. अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत वाक्यं जुळवत होते. त्याच्यासमोर सगळी विसरले आणि रडतच सांगून टाकलं. वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करील.

तो हसला नाही. बराच वेळ चादरीचा काठ चुरगाळत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू काहून सांगतलं डॉक्टरले?"