वहिनींचा ताप आणि माधवनगरचे मामा

माझ्या माधवनगरच्या मामांइतका संतापी डॉक्टर कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. त्यांचा खरा राग आजारांवर असे. पण आजार समोर उभा राहत नसल्यामुळे बोलणी माणसांनाच बसत. गिरणीतला एक कामगार "अंगात कसर हाय" म्हणाला, तर मामा कडाडले, "कसर कापडाला लागते! तुला काय होतंय ते सांग!" आणि मग त्याच माणसाला तासभर नखशिखांत तपासत बसले. कारण न सापडलेला ताप म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत उंब्रजला माझ्या वहिनींना ताप आला तो दीड महिना हटेना. थोरले बंधू पलटणीत, दूर सरहद्दीवर. आधी हिवताप म्हणून कोयनेल झालं, मग विषमज्वर म्हणून वहिनींना नुसत्या पेजेवर ठेवलं. शेवटी क्षयाचा संशय आला आणि त्यांची दहा महिन्यांची मुलगी त्यांच्यापासून तोडून माझ्या आईच्या खोलीत आणली. वहिनींना क्षयाच्या इस्पितळात धाडायचं ठरलं, तेव्हा आईनं मामांना बोलावलं.

पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून मामा काळेठिक्कर होऊन उतरले. मी रोज दोनदा लिहिलेला तापाचा तक्ता मोठ्या अभिमानानं पुढे केला. "ताप कागदाला आलाय का?" म्हणून त्यांनी तो भिरकावला. छाती, पोट, जीभ, सगळं पाहून झालं आणि ते वहिनींना म्हणाले, "पोरी, तूच सांग."

"आवं मामा, गिळताना लय दुखतंय. कानापातूर ठणका येतोय. पयल्यापासनं सांगतीया मी."

"कुणाला?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मामांनी गळ्याच्या मध्यावर हलकेच बोटं टेकवली, तशा त्या किंचाळल्या.

"अक्का!" मामा आईवर कडाडले; आवाज वेशीपर्यंत गेला असेल. "हिची छाती साफ आहे! गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती सुजलीय. दीड महिना उपाशी मारलंत, लेकरू तोडलंत, आणि एकाचाही हात हिच्या मानेला लागला नाही? आणि हा दिवटा आकडे लिहीत बसला!"

मला रडू फुटायचंच बाकी होतं. मामांनी सूज उतरवणाऱ्या सॅलिसिलेटच्या पुड्या दिल्या, पोटभर जेवायला घालायला सांगितलं. पुढे तीनेक आठवड्यांत ताप उतरला. पण मामा आले त्याच दिवशी आईनं मुलगी वहिनींच्या मांडीवर दिली, तर तिनं वहिनींना ओळखलंच नाही. आक्रोश करून ती आजीकडे झेपावली. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मामा तिथंच बसून राहिले. परतीची मोटार भोंगा वाजवून निघून गेली, तरी हलले नाहीत. बऱ्याच वेळानं पोरीनं वहिनींच्या बांगड्यांना हात घातला, तेव्हा मामांनी चष्मा पुसला आणि ते मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "ताप काढीन रं मी. तिचा हा दीड महिना कुठनं आणू?"