या आपा, होते जागा

"या आपा, सरकते मी, होते जागा."

वहिनी असं म्हणायच्या आणि खरंच सरकायच्या. शारजाहून दुबईला जाणाऱ्या आमच्या शेअरच्या गाडीत डबे आणि पिशव्यांनी सीट भरलेली असली, तरी माझ्यासाठी त्यांच्या डाव्या हाताला जागा व्हायचीच. फोटोच्या वेळी तर हमखास. कुणी मोबाइल वर धरला की त्या डावा हात लांब करून मला ओढून घेत. मी आडव्या बांध्याची बाई, फोटो म्हटलं की पळ काढणारी. पण त्या सोडत नसत.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, त्या साताऱ्याच्या. दारं समोरासमोर. दर रमजानमध्ये एक रोजा त्या माझ्यासोबत धरत. "तुम्ही एकट्या उपाशी, मला डबा गोड लागत नाही," म्हणत.

त्यांच्या नवऱ्याची इथली नोकरी गेली, तेव्हा तो मुलीला घेऊन कॅनडाला गेला. घर चालायला हवं म्हणून वहिनी क्लिनिकमधल्या नोकरीवर मागे राहिल्या. नवरा तिकडे आधी वस्तीच्या बैठकांना जायला लागला, मग निवडणुका लढवू लागला आणि बघता बघता एका प्रांतातल्या छोट्या पक्षाचा नेता झाला. तुम्हीही असा एखादा गृहस्थ पाहिला असेल. घरात चहाची भांडी कुठे असतात ते ठाऊक नाही, आणि राज्य कसं चालवावं ते सांगतो.

नेत्याला शेजारी बायको लागते. मग वहिनींना सुट्टी काढून येण्याचं बोलावणं येई. साडी कोणती, हसायचं किती, सगळं ठरलेलं. भाषणात तो म्हणे, "माझी पत्नी कायम माझ्या बाजूला उभी राहिली."

"आपा, मी कायम उभी आहे ती दुबईच्या वाटेवर, नाहदाच्या ट्रॅफिकमध्ये," परत आल्यावर वहिनी सांगत. आम्ही हसत असू.

मोठी निवडणूक जवळ आली, तसं कायमचं बोलावणं आलं. वहिनी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, पण बसल्या नाहीत.

"आमचे हे म्हणतात, फेसबुकवरचे जुने फोटो काढून टाक. ईदचे, इफ्तारचे. मी तुमची ओढणी डोक्यावर घेतलेले."

"का?"

"लोक उगाच प्रश्न विचारतील म्हणे. त्यांच्या मीडियावाल्यांचा ॲडव्हाइस आहे."

"आणि तुमचं काय म्हणणं?"

त्यांनी हातातला फोन ओट्यावर ठेवला. मुलगी फोनवर स्पीकरला होती. "मम्मा, जस्ट डिलीट इट. दे आर ओन्ली पिक्चर्स." वहिनींनी फोन बंद केला.

मला राग आला. नवऱ्याचा आला, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचाही आला. पण लेक तिकडे आईविना वाढली होती, आणि वहिनींना तिच्याजवळ जायचं होतं. मी म्हटलं, "काढा. खलास. मी काय फोटोत राहते? समोरच्या दारात राहते."

मग त्या बसल्या. एकेक फोटो मला दाखवत. "हा?" "काढा." "हा?" "काढा." एका फोटोत आम्ही दोघी जमिनीवर, मध्ये एकच थाळा, आणि वहिनींच्या तोंडात अख्खा समोसा. तिथे दोघींनाही रडू फुटलं. तोही काढला.

आता समोरच्या दारात दुसरं कुटुंब आहे. वहिनींचे मेसेज येतात, पण तुटक. "इलेक्शननंतर निवांत बोलू, इन्शाल्ला." ते निवांतपण अजून आलेलं नाही.

मध्यंतरी नवऱ्याच्या पेजवर त्यांच्या कुटुंबाचा फोटो पाहिला. खास फोटोग्राफर बोलावून काढलेला. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला मुलगी, मध्ये वहिनी. खाली कुणीतरी विचारलं होतं, मुलगी एवढी लांब का उभी आहे?

मुलगी लांब नव्हती. वहिनी नवऱ्याच्या अंगावर रेलल्यासारख्या उजवीकडे सरकल्या होत्या, आणि डावा हात अंगापासून थोडा सुटलेला होता. मायलेकींच्या मध्ये एका माणसाची जागा होती. चांगल्या आडव्या बांध्याच्या माणसाची.