खातं दुसऱ्याचं

दीक्षा रामटेके मूळची उमरेडची. शहरात, रामदासपेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती सहा वर्षं वेबसाइट बनवत होती.

धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या साइटवर तिला गूगल लॉगिन जोडायचं काम मिळालं. बटण दाबलं की पेशंट आत, पासवर्डची कटकट नाही. तीन दिवसांत ते झालं. मग मॅनेजर मधुसूदन सर म्हणाले, "आता मोबाइल नंबरवर कोड जातो तो रस्ता बंद कर. एकच लॉगिन ठेव."

"सर, गावाकडे फोन एकाचा आणि खातं दुसऱ्याचं असते. फोन सुरू करून देताना दुकानदार आपलंच खातं टाकून देते. रिपोर्ट भलत्याकडे जाईल."

"तो त्यांचा प्रश्न. तू सांगितलं तेवढं कर."

तिनं केलं.

दोन महिन्यांनी ती घरी उमरेडला गेली, तर शेजारच्या इंदुताईंनी तिला पाहून तोंड फिरवलं. त्यांचा जन्म हातमागावर गेलेला. दीक्षाला अंगाखांद्यावर खेळवलेलं. दीक्षा सरळ त्यांच्या दारात गेली.

"काहून बोलून नाही राहिल्या, ताई?"

"काय बोलू वं? माह्या छातीत गाठ आहे, हे मले डॉक्टरच्या आधी मोबाइलवाल्या विक्कीनं सांगतलं. दुकानात, चार माणसांसमोर. माह्या फोनात खातं त्याचंच होतं म्हणे. तूच म्हटलं होतं ना, त्या दवाखान्याची साइट मी बनवली, भरोसा ठेवा?"

दीक्षा तडक विक्कीच्या दुकानात गेली. "दुसऱ्याचा रिपोर्ट वाचाले लाज नाही वाटली?"

"माह्याच मेलवर आला. मी का चोरला?"

ती आणखीच पेटली. इंदुताईंचा फोन आणून त्यातलं त्याचं खातं तिनं त्यालाच काढायला लावलं.

सोमवारी तिनं ऑफिसात हे सांगितलं, तर मधुसूदन सर म्हणाले, "पेशंटचीच चूक आहे. दवाखान्याला कळवायची गरज नाही."

"चूक तुमची आहे. आणि ऐकलं म्हणून माझीही."

तिनं इंदुताईंना विचारून, त्यांचं नाव न घालता, दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं लिहून पाठवलं. दुपारपर्यंत दवाखान्यानं साइट बंद ठेवायला लावली. संध्याकाळी सरांनी दीक्षाचा राजीनामा मागितला.

"देते. पण हे दुरुस्त करूनच उठीन."

मोबाइलचा रस्ता तिनं परत आणला. कुणीही कसंही आत आलं, तरी पेशंटच्या नंबरवर गेलेला कोड टाकल्याशिवाय रिपोर्ट उघडणार नाही, अशी सोय केली. मग खुर्ची मागे सारून निघून गेली.

इंदुताईंचं ऑपरेशन नीट झालं. तपासणीला दीक्षाच त्यांना बसनं धंतोलीला घेऊन जाते. आता त्या बोलतात. पण गावात कुणी तब्येत विचारली की खाली बघतात, आणि शेजारी उभ्या दीक्षाच्या मुठी आवळल्या जातात.