कळांमधली शेताची वाट

आज राहुरीच्या दवाखान्यात माझी भाची पल्लवी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. कळा वाढल्या तशी ती फार घाबरली.

"आत सोबत कोण येणार?" सिस्टरनी विचारलं. तिची आई लगेच उठली.

"आई, तू रडतेस. सासूबाईंना येऊ दे."

पारनेरहून आलेल्या सासूबाई आत गेल्या. दाराआडून त्यांचा आवाज येत राहिला. "डोळं मिट. आपून शेताकडं चाललोय. ह्यो बांध आला. आता चढ हाय, दम घे. सरला बघ चढ. आता ज्वारीतनं सावकाश ये."

बाहेर रुसून बसलेली आईही डोळे मिटून ऐकू लागली. तिचे ओठ पुटपुटत होते, "सरला चढ."

मग बाळ रडलं.

पल्लवी म्हणाली, "मावशी, दुखलं लई. पण मी एकटी नव्हते, वाटेवर होते."

तुमच्या वेळी जवळ कोणाचा आवाज होता?